एका दिवसात बैल चमकवा!

विलायतेत सशांची प्रदर्शने भरतात. परीक्षक सशाच्या पाठीवरून उलटा हात फिरवतो आणि केस परत कसे बसतात ते पाहतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ससा दिसतो तो तुरीच्या तासातून पळताना. त्याच्या केसांकडे बघायला ना त्याला सवड, ना आपल्याला. आपले प्रदर्शन पोळ्याला, श्रावणी अमावास्येला, तोरणाखाली. त्यासाठी बैल तयार करण्याची ही खात्रीची कृती. नीट पाळल्यास वर्षभराचे दुर्लक्ष एका दिवसात भरून निघते.

साहित्य : बैल 2, खरारा 1, हळद, तूप, पळसाची पाने, ऑइलपेंटचे 2 डबे, गेरू, बेगड, मठाटी, घुंगरमाळा, झूल आणि सालदार. सालदार नसल्यास ही कृती करू नये; मालकाला कष्ट पडतात.

1. खांदशेकणी. आदल्या संध्याकाळी, जू वर्षभर जिथे घासले तिथे हळद-तूप चोळून पळसाच्या पानांनी शेकावे. मग बैलाला उद्याच्या जेवणाचे आवतन द्यावे. बैल काही बोलत नाही, तेव्हा त्याला ते मान्य आहे असे धरावे. खांद्याला सूज असल्यास ती कशाने आली ही चौकशी सणासुदीला काढू नये.

2. आंघोळ. पैनगंगा, ज्ञानगंगा, खडकपूर्णा, जी जवळ असेल आणि जिच्यात पाणी असेल ती. खरारा करताना कानामागच्या आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या गोचिडी वेचाव्यात. त्या आजच दिसल्या याचे आश्चर्य जरा मोठ्याने व्यक्त करावे. धुतलेला बैल पहिल्यांदा शेणात बसतो. मग पुन्हा सालदाराला हाक मारावी.

3. शिंगे. साळून गुळगुळीत करावीत. पूर्वी हिंगूळ लावत, आता ऑइलपेंट. निवडणूक जवळ असल्यास दोन शिंगांना दोन रंग द्यावेत. दोन्हीकडचे पुढारी फोटोला उभे राहतात.

4. छापे. गेरूचा छापा नेमका कुठे मारावा, असा प्रश्न नवशिक्यांना पडतो. पराणीचा वण असेल तिथे मारावा. काही बैलांना छाप्यांसाठी जागा पुरत नाही. मात्र छाप्याखाली सगळेच लपते असे नाही. 2022 साली लम्पीच्या गाठी उठल्या, तेव्हा गेरू कामी आला नाही. शेळ्यांच्या देवीवरची लस गायीबैलांना टोचावी लागली.

5. दागिने. खामगावची चांदी नावाजलेली आहे, ती घरच्यांसाठी. बैलाला बेगड शोभते. झूल मात्र लांब, भरजरी आणि खांद्यावरून पुढे येणारी घ्यावी. या साऱ्या कृतीत खर्च करण्यासारखी वस्तू हीच.

6. तोरण. मानाची जोडी पुढे, आपली मागे. झडत्या रंगात आल्या की मालकाने सालदाराच्या हातातला कासरा घेऊन फोटो काढावा आणि कासरा परत द्यावा. तोरण तुटल्यावर बैल उधळतात. त्या वेळी कासरा मालकाच्या हातात असणे धोक्याचे.

7. परीक्षण. आपल्याकडे परीक्षक नेमत नाहीत, तो आपला आपण येतो. धोतर, हातात काठी, वय सत्तरीच्या पुढे. तो शिंगांकडे बघत नाही, बेगडीकडे बघत नाही. झूल उचलतो आणि खांद्यावरून उलटा हात फिरवतो. बैल कातडी थरथरवतो. म्हातारा झूल पुन्हा नीट बसवतो आणि म्हणतो, “झूल मस्त घेतली बापू.” बैलाबद्दल काही बोलत नाही. निकाल लागला असे समजावे.

8. बोजारा. संध्याकाळी सालदार जोडी घरोघरी नेतो. बाया बैलांचे पाय धुतात, पुरणपोळी चारतात आणि बोजारा सालदाराच्या हातावर ठेवतात. वर्षभर बैलाजवळ कोण होते हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही.

एवढे करूनही म्हाताऱ्याची धास्ती वाटत असेल, तर पुढच्या वर्षी नागपूरकडचा मार्ग धरावा. तिकडे दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 मध्ये तान्हा पोळा सुरू केला असे सांगतात. त्यात लाकडी नंदी मिरवतात. लाकडाला गोचीड लागत नाही, ते शेणात बसत नाही. आणि कुणी झूल उचललीच, तर खाली रंधा मारलेला असतो.