उघडून बघू नये!

चि. भाचेबुवांस मामाचे अनेक आशीर्वाद.

फेरीबोटींच्या तपासणीवर तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. मामीने आळीत पेढे वाटले. याच कामात माझी उभी हयात गेली, म्हणून चार गोष्टी कानावर घालतो. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात त्या सापडायच्या नाहीत. त्याआधीच्या १९१७च्या कायद्यातही नव्हत्या, पण आमचं काही अडलं नाही.

पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात आणि बोटी दुरुस्तीला वर ओढतात. तुझा खरा हंगाम तोच. बोट वर आली की तळाची कालवं आणि शेवाळ खरवडून घ्यावं, दिसायला बरं. मात्र खरवडणाऱ्या पोराच्या हाती जड हातोडा देऊ नये. पत्रा नको तिथे वेगळा वाजतो. हल्ली म्हणे पत्र्याची जाडी मोजायला ध्वनिलहरींचं यंत्र आहे. उत्तम! ते कुठे टेकवायचं हे यंत्र सांगत नाही, यार्डवाला सांगतो. इंजिनाखाली पाणी साचून पत्रा आधी सडतो, पण तिथे फार वाकावं लागतं. सरकारी माणसाने वाकायचं ते वरिष्ठांपुढे.

तरीही पत्रा पातळ निघालाच तर नियमाने तेवढा कापून नवा बसवायचा. इथेच नवखे फसतात. पत्रा कापला की आतली फासळी दिसते. ती गंजलेली असली की तीही बदला. शेजारी डिझेलची टाकी असते, मग ती रिकामी करा, आत गॅस नसल्याचा दाखला आणा, तोवर वेल्डर बिड्या ओढत बसणार. चार दिवसांचं काम महिन्यावर जातं, आणि बोट पाण्यात सोडायची तारीख तर मालकाने आधीच ठरवलेली! म्हणून जुन्या पत्र्यावरच नवा पत्रा चढवतात. त्याला डबलर म्हणतात. गळती असली तर भोवती चौकट ठोकून सिमेंट ओततात. दोन्ही उपाय कागदोपत्री तात्पुरते. माझ्या आधी लागलेला असा एक तात्पुरता सिमेंटचा ठोकळा मला माहीत आहे. मी निवृत्त झालो, तो अजून सेवेत आहे.

लाकडी लाँच असेल तर फळ्या टोचून बघायच्या असतात. टोचणी आत गेली की लाकूड कुजलं म्हणायचं. टोचणी बोथट ठेवावी.

तपासणीला जायचं ते रंग ओला असताना. ओल्या रंगाला कोणी हात लावत नाही.

लाइफ जॅकेटं मोजावीत, पट्टे ओढून बघू नयेत. १८ डिसेंबर २०२४ला नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या फेरीबोटीवर आदळली, त्यानंतर जॅकेटांची सक्ती झाली. ‘नीलकमल’ला परवानगी होती ८४ उतारू आणि सहा खलाशांची, आणि बोटीवर माणसं होती शंभरावर. परवानगीचा आकडा बोटीवर ठळक रंगवलेला आहे ना, एवढं तू बघायचं. तो वाचून धक्क्यावर माणसं कोणी थांबवायची, हे आपल्या कक्षेत येत नाही. कोणाच्या येतं, तेही विचारत बसू नये. १७ जुलै १९४७ला रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेवर माणसं गेली. तेव्हाही धक्का होता, बोट होती आणि कागदही असणारच.

शेवटी प्रमाणपत्रावर सही करताना पेन चांगलं वापर, आणि सही वाचता येणार नाही अशी ठेव. पुढे चौकशी झाली तर उपयोगी पडते.

गणपतीला अलिबागला येशीलच. तोवर तुझ्या बोटी पाण्यात पडलेल्या असतील, आणि साहेब म्हणून तिकीटही कोणी मागणार नाही. तरी तू आपला रस्त्याने ये. वडखळला दोन तास अडकशील, अडक. मामी उगाच काळजी करते.

तुझा,
मामा