ग्रुप येत नाही

नेमबाजीच्या कुठल्याही रेंजवर जा, एक गृहस्थ तिथे भेटतोच. हा नेम कमी धरतो आणि स्क्रूड्रायव्हर जास्त. बाकीचे पडून, गुडघ्यावर, उभ्यानं गोळ्या झाडत असतात. हा रायफल मांडीवर उलटी घेऊन तिच्या पोटात काहीतरी शोधत असतो. "काय झालं?" म्हणून विचारावं, तर मान वर न करता सांगतो, "ग्रुप येत नाही." ग्रुप म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या पाच गोळ्यांची भोकं एकमेकांना धरून पडणं. भोकं जवळ पडली तर नेमबाज चांगला. लांब पडली तर रायफल वाईट. तिसरी शक्यता या जातीला मंजूर नाही.

आमच्या द्रोणागिरीतले नाना या जातीचे अर्क. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं, त्याच सुमाराला नाना राधानगरीकडून इकडे नोकरीला आले, मालाचे सर्व्हेअर म्हणून. कंटेनर उघडल्यावर आतला माल भिजलेला नाहीतर मोडलेला निघाला, की तो कुठे, कसा आणि मुख्य म्हणजे कोणामुळे बिघडला हे ठरवायला ज्याला बोलावतात तो सर्व्हेअर. तीसेक वर्षं हे काम केल्यावर माणसाच्या अंगात एक गोष्ट मुरते: जगात जे जे बिघडतं त्याला कोणीतरी जबाबदार असतो, आणि रिपोर्ट लिहिणारा त्यात कधीच नसतो. सोसायटीची लिफ्ट अडकली की आत अडकलेल्यांना हाक मारायच्या आधी नाना दाराचे फोटो काढतात. पोहे कोरडे झाले की पोह्यांची जात, भिजवल्याची वेळ आणि कढईचं बूड यांची चौकशी होते. "खायचे असतील तर खा, सर्व्हे नको," हे वहिनींचं वाक्य आमच्या मजल्यावर सगळ्यांना पाठ आहे.

अशा माणसाच्या हाती रायफल आली ती स्वप्नील कुसळेमुळे. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये स्वप्नीलनं ४५१.४ गुणांवर ब्राँझ मिळवलं. १९५२च्या खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक! आणि पोरगा कांबळवाडीचा, म्हणजे राधानगरी तालुक्यातला, म्हणजे नानांच्या हिशेबानं घरचाच. त्या संध्याकाळी नानांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले, आणि शेवटच्या पेढ्याबरोबर जाहीर केलं की कॉलेजात एनसीसीला असताना आपणही पॉइंट टू-टू मारायचो, पंचवीस यार्डांवरून. "माझा ग्रुप असा यायचा!" असं म्हणून त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात जेवढी फट दाखवली, तेवढ्यातून पेढ्याचा कागदही गेला नसता. तेव्हाचा ग्रुप 'माझा' होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. आता जो येत नाही तो रायफलचा.

लायसन्ससाठी पोलीस चौकशीला आले, तेव्हा शेजारी म्हणून माझी साक्ष झाली. हवालदार सभ्य होते.

"माणूस कसा आहे? तापट?"

"तापट नाही. बारकाईनं बघणारा आहे."

"घरात भांडणं वगैरे?"

"होतात. पण नाना लेखी करतात."

हवालदारांनी हे कसं लिहून घेतलं कोण जाणे, पण यथावकाश लायसन्स आलं. मग नवी रायफल आली. नवी म्हणजे नानांना नवी. आन्शुट्झ, जर्मनीतल्या उल्मची. खेळणं सोडलेल्या एका नेमबाजाकडून सगळे कागद करून घेतलेली. वहिनींच्या पैठण्यांच्या कपाटाला आजवर एकही कुलूप नव्हतं. रायफलच्या कपाटाला दोन आली.

नानांनी त्याच रात्री वही घातली. रकाने असे: तारीख, वारा, हवेतला दमटपणा, गोळीचा लॉट, निरीक्षण, कारण, आणि सगळ्यात रुंद रकाना शेवटचा: जबाबदार पक्ष.

पनवेलला दहा मीटरची एअर रायफल मारायची सोय आहे. सुमा शिरूरांसारखी ऑलिंपियन तिथे मुलं घडवते. पण पॉइंट टू-टूला पन्नास मीटर लागतात, म्हणून आमची स्वारी वरळीच्या रेंजवर. अटल सेतूवरून शिवडीला उतरेपर्यंत मला रिमफायरचं शास्त्र ऐकावं लागलं. ते खोटं नव्हतं, हे नानांबद्दल कबूल केलं पाहिजे. या काडतुसाच्या बुडाची जी कड असते तिच्या आतच पेट घेणारा मसाला भरलेला असतो. पिन मधोमध न आपटता कडेवर आपटते. तो मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरला नसेल तर गोळीचा वेग कमी-जास्त होतो. गोळी शिशाची, अडीच-पावणेतीन ग्रॅमची, वर मेणचट वंगण. १८८७ साली ही .२२ लाँग रायफल गोळी निघाली, आणि तिच्या तऱ्हेवाईकपणाला लोक तेव्हापासून तोंड देताहेत. एका कारखान्याच्या एकाच नावाच्या दोन लॉटांचे ग्रुप एकाच रायफलीतून वेगळे पडतात. मोठे नेमबाज म्हणे आपली रायफल घेऊन थेट गोळीच्या कारखान्यात जातात, ती पकडीत आवळून एकेका लॉटचे ग्रुप काढतात आणि जो जमेल तो लॉट वर्षभराचा उचलतात.

"म्हणजे बघ," नाना म्हणाले, "निम्मा दोष गोळीचा धरायला हरकत नाही." अजून एकही गोळी झाडलेली नव्हती.

नवी रायफल 'झिरो' करायची पद्धत साधी आहे. साइट न हलवता, एकाच नेमावर पाच गोळ्या टाकायच्या. ग्रुप कुठेही पडो, आधी तो पडला पाहिजे. मग त्याचा मध्य कागदाच्या मध्यापासून किती लांब आहे ते मोजायचं आणि तेवढे क्लिक मागच्या साइटचे नॉब फिरवायचे. गोळी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला मागची साइट. आधी ग्रुप, मग झिरो. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो काळा गोल. त्या गोलाभोवती पुढच्या साइटची कडी सारखी बसवायची आणि हळूच ट्रिगर दाबायचा.

नाना जमिनीवर पालथे झाले. पोट आणि चटई यांच्यात थोडा वेळ वाटाघाटी झाल्या. मी दुर्बिणीला. पहिली गोळी.

"तीन वाजता, आठ," मी म्हणालो. (दिशा घड्याळानं सांगतात.)

नानांनी डावीकडे क्लिक दिले. दुसरी गोळी.

"नऊ वाजता, सात."

नानांनी उजवीकडे क्लिक दिले. तिसरी.

"तीन वाजता, सात."

"बघितलंस? रायफल ऐकत नाही!"

ती बिचारी दर वेळी ऐकत होती, हीच तर अडचण होती. पण नानांच्या कोल्हापुरी अंगात आता जोर आला होता. गोळी पुढे आणि नॉब मागे, असा पाठलाग डबी संपेपर्यंत चालला. शेजारच्या लेनवर मुलांना शिकवणाऱ्या मॅडम बराच वेळ बघत होत्या. शेवटी आल्या.

"काका, पाच गोळ्या होईपर्यंत नॉबला हात लावायचा नाही."

"मॅडम, डोळ्यांदेखत नुकसान होतंय आणि सर्व्हेअरनं हात बांधून बसायचं?"

वहीत त्या दिवशी जबाबदार पक्ष: वारा. तोही अगदीच निरपराध नव्हता. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा या हलक्या गोळीला पन्नास मीटरांत दोन-अडीच सेंटीमीटर सरकवतो. दहाची गोळी सात-आठवर जाते. फक्त त्या सकाळी रेंजवरची वाऱ्याची निशाणं काठीला चिकटून झोपली होती.

पुढच्या फेऱ्यांत एकेक आरोपी उभा राहिला. लाकडी कुंद्याला नळी-यंत्रणा धरून ठेवणारे दोन स्क्रू सारख्या ताणानं आवळलेले नसले तर ग्रुप फाटतो, हे खरं. नानांनी त्यासाठी टॉर्कचा पाना घेतला. साइट तिच्या पट्टीवर सैल असली तर नेम भटकतो, हेही खरं, ती आवळली. मग गोळ्या. पाच या डबीतल्या, पाच त्या डबीतल्या, पुन्हा पाच पहिल्या डबीतल्या, आणि दोन्ही लॉट बाद. मॅडमनी समजावलं की गोळी बदलली की नळीत आधीच्या गोळीचं वंगण असतं. नव्या गोळीच्या दहा-वीस जाऊ द्याव्यात, मग मोजावं. त्याच संध्याकाळी नानांनी नळी अशी चकाचक केली की तिच्यात वंगण म्हणून नावाला उरलं नाही, आणि दुसऱ्या वेळी पहिल्या दहा गोळ्या दाही दिशांना गेल्या.

आमच्या द्रोणागिरी डोंगराची कथा उरणात सगळ्यांना माहीत आहे. लक्ष्मणासाठी संजीवनी न्यायला निघालेल्या हनुमंताला नेमकी वनस्पती ओळखता येईना, म्हणून त्यानं आख्खा पर्वत उचलला, आणि त्यातला सांडलेला तुकडा म्हणजे हा डोंगर, असं इथे सांगतात. नानांचं तेच चाललं होतं. दोष नेमका कुठला ते कळत नाही ना? मग स्क्रू, साइट, लॉट, नळी, चटई, हातमोजा सगळंच एका दमात बदलायचं. हनुमंताचं काम झालं, कारण पर्वतावर वनस्पती होती.

मध्ये दसरा आला. खंडेनवमीला रायफलीची यथासांग पूजा झाली: हळद, कुंकू, झेंडूचा हार, समोर नारळ. त्यानंतरच्या रविवारी नाना नेम धरतात तर काळा गोल तांबूस. "हवेतलं प्रदूषण," नाना म्हणाले, आणि तसं लिहूनही टाकलं. मॅडमनी मागच्या साइटचं बारीक छिद्र उजेडाकडे धरलं, फुंकर मारली आणि बोटावर कुंकवाचा कण दाखवला. जबाबदार पक्षाच्या रकान्यात 'प्रदूषण' खोडून 'सौ.' असं लिहिलं गेलं. ती वही वहिनींच्या हाती कशी लागली ते मला विचारू नका; दिवाळीतल्या चकल्या मात्र नानांना मोजून मिळाल्या.

खरा प्रकार मॅडमनाच दिसला, आणि तोही रायफलकडे न बघता. त्यांनी नानांचे जुने कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. भोकं विखुरलेली नव्हतीच. दोन वेगळे पुंजके होते, एक वर उजवीकडे, एक खाली डावीकडे. "रायफल बिघडली असती तर बहुधा सगळीकडे पसरलं असतं काका. हे दोन जागी येतंय, म्हणजे तुम्ही दोन ठिकाणाहून बघताय." मग त्या नानांच्या डोक्याशी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "मारा." नानांनी गाल कुंद्यावर टेकला, हनुवटी थोडी वर केली, मारली. पुढच्या वेळी हनुवटी खाली. पुन्हा वर. नाकावर प्रोग्रेसिव्ह चष्मा: वरून लांबचं, खालून वाचायचं, बाजूला सगळं वाकडं. पालथं पडल्यावर नजर जायची ती काचेच्या वरच्या कोपऱ्यातून, आणि मान जराशी हलली की काचेचा वेगळाच भाग डोळ्यासमोर. कोपऱ्यातली काच नजर थोडी वळवते. एवढ्या लांबवर तेवढं बस होतं.

नेमबाजांचा वेगळा चष्मा असतो: एकच काच, एकाच नंबरची, डोळ्यासमोर सरळ येईल अशी फिरवता येणारी. नानांनी तो करून घेतला. मॅडमनी सांगितलं, "आज नॉबला हात लावाल तर मी वहिनींना फोन करीन." हात लागला नाही. पाच गोळ्या झाल्या आणि दुर्बिणीत मला एकमेकांत मिसळलेली भोकं दिसली, काळ्यात, थोडी खाली. नंतर मोजून क्लिक दिले. पुढच्या पाच मधोमध.

नाना बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी कबूल करणार. त्यांनी वही काढली. निरीक्षण: समाधानकारक. कारण: काच. जबाबदार पक्ष: चष्मेवाला.

"मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो," ते गाडीत बसताना म्हणाले, "दोष माझ्या नेमात नव्हताच." आणि खरं सांगायचं तर नव्हताच, कांबळवाडीच्या तालुक्याचं पाणी आहे.

हल्ली त्यांची रायफल ठीक चालते, त्यामुळे त्यांना वेळ जात नाही. रेंजवर कोणी नवीन रायफल घेऊन आलं की नाना शेजारी जाऊन बसतात, काही न मागता सल्ला देतात, आणि त्यांचे पहिले दोन प्रश्न आता चांगले असतात: चष्मा कोणता, आणि पाच गोळ्या झाल्या का? तेव्हा द्रोणागिरी-उरण-पनवेल भागात कोणाला आपली लायसन्सची रायफल झिरो करून घ्यायची असेल, त्यांनी रविवारी नानांना बरोबर न्यायला हरकत नाही. पैसे घेत नाहीत. टॉर्कचा पाना तेवढा त्यांना घरी ठेवायला सांगावा.