आता अक्षता तेवढ्या टाका

माझं रसायनशास्त्र बी.एस्सी.बरोबर संपलं असतं, तर साडूचा सदरा वाचला असता. पांढराशुभ्र, सुती, पुतण्याच्या साखरपुड्यापुरता मागून आणलेला. पंगतीत वाढप्याने बटाट्याची भाजी ताटात वाढताना थोडी वरच्या मजल्यावरही वाढली.

"पाणी लावून उपयोग नाही!" मी तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो. हळदीचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही; तेलात आणि अल्कोहोलमध्ये मात्र विरघळतं. फोडणीच्या तेलातून ते सुतात शिरलं, की वर बादलीभर पाणी ओता, ढिम्म हलत नाही. जिलबी समोर आली होती, तरी मी हे शेजाऱ्याला पूर्ण समजावलं. त्याने माझी जिलबीही संपवली.

घरी येऊन तेल काढायला कपड्याचा साबण घासला, आणि डाग लालभडक! साबण आम्लारिधर्मी, त्यात हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच न्यायाने. मला हे तोंडपाठ होतं. हातापर्यंत पोचलं नव्हतं इतकंच.

"अहो, हळद झाली, कुंकू झालं," बायको म्हणाली, "आता अक्षता तेवढ्या टाका."

लिंबू पिळलं. डाग निमूटपणे पुन्हा पिवळा. मग काढलं ब्रह्मास्त्र: औषधाच्या कपाटातलं स्पिरिट. कर्क्युमिन विरघळलं हो, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं! पण विरघळलेला रंग कुठे तरी जाणारच. तो स्पिरिटबरोबर धाग्याधाग्याने पसरत गेला आणि रुपयाएवढा डाग बशीएवढा झाला, कडेला गडद किनार. कॉलेजात गाळण कागदावर शाईतले रंग असेच वेगळे केले होते. त्या क्रोमॅटोग्राफीला मला चांगले मार्क होते. इथेही निकाल उत्तमच लागला, कारण आहेराची यादी लिहून खिशात उघडं टाकलेलं बॉलपेन मी विसरलो होतो. त्याची शाईही स्पिरिटमध्ये विरघळते.

शेवटी सासूबाईंनी सदरा धुऊन कडक उन्हात टाकायला लावला. उन्हाने कर्क्युमिन मोडतं. पिवळा खरंच गेला. निळ्याला उन्हाचं काही वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात मुंज आहे. साडूने आपणहून निरोप पाठवलाय: सदरा हवा असेल तर काळा आहे.