बोलायचं कुणाशी?

12 जानेवारी 2021. पहाटे पाचच्या सुमारास पुण्याजवळच्या मांजरीतून सीरम इन्स्टिट्यूटचे तीन ट्रक कोव्हिशिल्ड घेऊन बाहेर पडले. निघण्याआधी त्यांची पूजा झाली, टीव्हीवर ती देशाने पाहिली. चार दिवसांनी लसीकरण सुरू झालं आणि पुढे त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भोरजवळच्या उत्रोलीसारख्या गावांतही ते पोचलं. मला त्याचा आनंदच आहे. आशाताईंनी आणि सिस्टरांनी दारोदार फिरून माणसं केंद्रावर आणली, म्हाताऱ्यांना हाताला धरून नेलं. त्या कामाचं मोल कुणी कमी करू नये.

पण सुई टोचून झाल्यावर अर्धा तास बसवून घेतलं आणि घरी पाठवलं. तिथे आपलं लक्ष संपलं. त्यानंतर ज्याचा खांदा महिनोन्महिने वर गेला नाही, ज्याच्या पायाच्या मुंग्या थांबल्या नाहीत, जिला चार पायऱ्या चढल्या की बसावंसं वाटू लागलं, त्या माणसाने बोलायचं कुणाशी?

भोर-वेल्ह्याच्या बाजूला ही तक्रार एका ठरलेल्या चालीत कानावर येते. ‘लस घेतली तवापास्नं हात असाच हाय.’ बोलणारा थांबतो आणि समोरच्याचा चेहरा बघतो. कारण त्याला पुढचं उत्तर पाठ असतं. दवाखान्यात सांगितलं तर ऐकायला मिळतं, लशीने असं काही होत नाही, तुम्ही मनाला लावून घेता. पारावर सांगितलं तर दुसरा टपलेलाच असतो: मी सांगत होतो ना, घेऊ नका म्हणून! एकाने त्याला खोटा ठरवलं, दुसऱ्याने त्याचा झेंडा केला. त्याचा खांदा दोघांनीही बघितला नाही. मग माणूस गप्प होतो.

या गप्प बसण्याचा हिशेब सरकारी आकड्यांतही दिसतो. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात माहिती दिली: 219 कोटी 86 लाख डोस, आणि लसीकरणानंतरच्या त्रासाच्या नोंदी 92,114. त्यातल्या 89,332 किरकोळ, 2,782 गंभीर किंवा तीव्र. हा आकडा लस किती निर्धोक आहे हे सांगायला वापरला गेला. मी तो उलट्या बाजूने वाचतो. किरकोळ म्हणजे ताप, अंगदुखी, दंड सुजणं. हे 220 कोटी डोसांत एक लाख वेळासुद्धा झालं नाही? तुमच्याच घरात आठवून बघा, किती जण दुसऱ्या दिवशी पांघरूण घेऊन पडले होते. एका तालुक्यातले ताप नीट लिहिले असते तरी आकडा फुगला असता. त्रास झाला नाही असं हा आकडा सांगत नाही. विचारलं गेलं नाही, एवढंच सांगतो. आणि जिथे ताप लिहिला गेला नाही, तिथे सहा महिने दुखणारा खांदा कोण लिहिणार?

मोठ्यांच्या लशीत जे हरवलं, ते लहान मुलांच्या लशीत गावांनी कधीच मिळवून ठेवलं आहे. अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी बसून बघा. सिस्टर आईला सांगते: आज कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कोणती, कार्ड जपून ठेवा. पण खरं शिक्षण बाहेरच्या ओट्यावर होतं. पहिलटकरीण घाबरलेली असते, पोराच्या मांडीला गाठ आली म्हणून. शेजारची सांगते, माझ्या थोरलीलाही आली होती, जिरते. बीसीजीच्या जागी पुटकुळी येते, फुटते, दोन-तीन महिन्यांत वण राहतो, हे आज्यांना माहीत असतं. काखेत गाठ वाढली किंवा पोर एकसारखं रडायचं थांबेना, तर दवाखाना गाठायचा, हेही एकमेकींनाच विचारून कळतं. ताप येणार हे आधी ठाऊक असलेली आई तापाला भीत नाही आणि पुढचा डोस चुकवत नाही. लशीला बळ देणारी गोष्ट हीच आहे: जिच्यावर बेतलं, तिने दुसरीला सांगणं.

2021 साली प्रौढांची लस आली तेव्हा हे शहाणपण जमा व्हायला वेळच नव्हता. सगळे एकदम पहिलटकर होते. आणि त्रास सांगणारा प्रत्येक जण मोहिमेत खोडा घालणारा वाटू लागला.

आता खांद्याचंच बोलू, कारण तो इथे पोटाशी जोडलेला आहे. सुई दंडावर नेमक्या जागी न जाता फार वर गेली, तर लस स्नायूत न उतरता सांध्याभोवतीच्या भागात जाते. तिथे सूज धरते. दोन-चार दिवसांत जाणारं दुखणं मग आठवडे, महिने रेंगाळतं, हात डोक्याच्या वर जात नाही. हे कुठल्याही लशीने होऊ शकतं. दोष टोचण्याच्या जागेचा असतो, औषधाचा नसतो. यावर इलाज आहे: वेळेत निदान, औषधं, फिजिओथेरपी. पण भोर-वेल्हे हा भाताचा मुलूख. आषाढात चिखलात वाकून लावणी, पुढे कापणी, झोडणी. उजवा हात अडकलेल्या बाईची रोजंदारी जाते आणि घरात तिलाच ऐकवलं जातं की कामाचा कंटाळा करते. ‘तुला काही झालेलं नाही’ हे वाक्य तिच्या पदरी टाकणाऱ्याने एकदा तिचा हात वर करून बघावा.

काही त्रास याहून गंभीर असतात, आणि त्यांची नावं लपवण्याने कुणाचं भलं झालेलं नाही. केरळात 2021 मध्ये कोव्हिशिल्डनंतर जीबीएस, म्हणजे नसांवर हल्ला करून लुळेपणा आणणारा आजार, झालेल्या सात रुग्णांची नोंद तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. युरोपच्या औषध नियामकानेही त्याच वर्षी ॲस्ट्राझेनेकाच्या लशीचा (कोव्हिशिल्ड तीच लस) अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून तो यादीत घातला. पण याच जीबीएसने 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, म्हणजे वेल्ह्याला जायच्या वाटेवर, हाहाकार केला तेव्हा बोट दूषित पाण्याकडे होतं. लशीमुळे होऊ शकतो, जंतुसंसर्गाने त्याहून कितीतरी जास्त वेळा होतो. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एका दमात सांगता आलं पाहिजे.

2024 च्या एप्रिल-मेमध्ये आणखी एक घबराट आली. ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात कबूल केलं की तिच्या लशीने अतिशय क्वचित रक्ताच्या गुठळ्या आणि प्लेटलेट घटणं हा विकार होऊ शकतो. ही माहिती वैद्यकीय जगात 2021 पासून होती. हा विकार लशीनंतर साधारण महिना-दीड महिन्याच्या आत दिसतो. तीन वर्षांपूर्वी लस घेतलेल्यांना त्या बातमीने झोप लागू दिली नाही, कारण तेव्हाच्या तेव्हा कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

तक्रार करणाऱ्याचं काय होतं, याचे नमुने मोठे आहेत. 2020 मध्ये चेन्नईच्या एका स्वयंसेवकाने कोव्हिशिल्डच्या चाचणीतल्या डोसनंतर मेंदूविकार झाल्याचं सांगून 5 कोटींची भरपाई मागितली. सीरमने आरोप फेटाळले आणि उलट 100 कोटींहून अधिकच्या दाव्याची भाषा केली. सरकारने प्राथमिक तपासणीत चाचणी थांबवण्याचं कारण दिसत नाही असं सांगितलं. लशीचा संबंध नसेलही. पण एका आजारी माणसाला 100 कोटींचा आकडा दाखवला, की उत्रोलीतला मजूर तोंड उघडेल का?

सर्वोच्च न्यायालयाने मात्र रस्ता दाखवला होता. 2 मे 2022 रोजी न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती गवई यांच्या खंडपीठाने दोन गोष्टी सांगितल्या. कुणावरही लशीची सक्ती करता येणार नाही ही एक; ती गाजली. दुसरी कुणाच्या लक्षात नाही: लोकांना आणि खासगी डॉक्टरांना त्रासाची नोंद स्वतः करता येईल अशी खुली व्यवस्था सरकारने करावी. त्याच वर्षाच्या शेवटी केंद्राने भरपाईची जबाबदारी नाकारली आणि नुकसान झालेल्यांनी दिवाणी न्यायालयात जावं असं म्हटलं. देशासाठी दंड पुढे केलेल्या माणसाला वकील शोधायला सांगणं हे मला अन्यायाचं वाटतं.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाला कायद्याचं रूप आलं, ते आयांमुळे. रोझमेरी फॉक्स या आईने 1973 मध्ये लशीमुळे आपल्या मुलांना इजा झाली असं मानणाऱ्या पालकांची संघटना उभी केली. सहा वर्षांनी, 1979 मध्ये, भरपाईचा कायदा झाला. आज तिथे गंभीर अपंगत्व सिद्ध झाल्यास 1,20,000 पौंड मिळतात. त्याच काळात डांग्या खोकल्याच्या लशीबद्दल भीती पसरून तिथलं लसीकरण सुमारे 80 टक्क्यांवरून 30 टक्क्यांच्या आसपास घसरलं आणि खोकल्याची साथ परतली. ज्या मेंदूविकाराचा ठपका त्या लशीवर होता, त्याचा संबंध पुढच्या अभ्यासांत टिकला नाही. तरी ती मुलं आजारी होतीच आणि त्यांच्या आया एकट्या होत्याच. कारण सिद्ध होईपर्यंत माणसाला वाऱ्यावर सोडायचं, हा नियम कुणी केला?

आपल्याकडची जुनी गोष्टही हेच सांगते. वाल्देमार हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आणि वेदना स्वतः भोगून मग लोकांपुढे गेले. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेली 19 माणसं धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, 1907 मध्ये तो पुसला गेला, 1925 मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. त्यांना न्याय मिळाला हे बरंच झालं. त्या 19 घरांना मात्र इतिहासाने तळटीपेत ठेवलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की त्रास राहिलेल्यांनी एकत्र बसावं आणि गावाने त्यांना बसायला जागा द्यावी. पुण्यात पार्किन्सनचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक पार्किन्सन मित्रमंडळात भेटतात. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. तिथे कुणी कुणाला बरं करत नाही. पण ‘माझंही असंच होतं’ हे ऐकून माणूस ताठ बसतो आणि उपचाराला टिकतो. उत्रोलीत बचत गट आणि भजनी मंडळ चालवता येतं, तर महिन्यातून एकदा अंगणवाडीच्या खोलीत हेही चालवता येईल. आशाताईंनी बसावं, सिस्टरांनी बसावं, आणि पहिला तास फक्त ऐकावं.

पण बैठकीला शिस्त हवी. येणाऱ्या प्रत्येकाने आधी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बी-12 तपासून घ्यावं. ‘तवापास्नं’ वाटणारा थकवा पुष्कळदा यांतलाच निघतो, आणि कोरोना होऊन गेल्यानंतरही असाच थकवा रेंगाळतो. काढे, भस्मं, ‘लशीचं विष काढणारी’ पुडी विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. लुळेपणा, छातीत दुखणं, श्वास लागणं असेल तर बैठकीची वाट न बघता भोरचं उपजिल्हा रुग्णालय गाठावं. आणि कुत्रं चावलं तर रेबीजची लस घ्यायचीच. जुन्या त्रासाच्या धास्तीने ती सुई चुकवली आणि रेबीज झाला, तर माणूस वाचत नाही. आधीच्या लशीची हकिगत डॉक्टरला सांगा, दुसऱ्या दंडात घ्या, पण घ्या.

आणि लिहा. लस कोणती, तारीख कोणती, त्रास कधी सुरू झाला, आता काय करता येत नाही. हा कागद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. औषधं-लशींच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा 2010 पासून आहे. तिचा फुकट क्रमांक 1800-180-3024, आणि रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही आहे. उपकेंद्राच्या भिंतीवर हा क्रमांक रंगवायला एक डबा रंग लागेल.

पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी उठून ठराव मांडावा: उत्रोलीत लशीनंतर तीन महिन्यांहून जास्त त्रास राहिलेल्यांची, ज्यांची तयारी असेल त्यांचीच, नावं गुप्त ठेवून नोंद व्हावी, अंगणवाडीची खोली महिन्यातून एका संध्याकाळी त्यांना मिळावी, आणि खांदा अडकलेल्यांना लावणीच्या आधी फिजिओथेरपी मिळेल अशी सोय भोरच्या रुग्णालयाने करावी. सरपंचांनी तो वाचावा, सूचक-अनुमोदक लिहावेत आणि प्रत जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला पाठवावी.