कातळवेड्याने बिऱ्हाड कुठे करावं?

प्रस्तरारोहण नव्याने शिकलेल्या माणसाचं दोन प्रकारे नुकसान होतं. बोटांची सालं निघतात आणि राहतं शहर नकोसं होतं. पहिल्यावर खोबरेल तेल आहे. दुसऱ्यासाठी ही मार्गदर्शिका.

आधी महाराष्ट्राचा नकाशा घ्यावा. जिथे कडा तिथे लाल टाचणी, जिथे पगार तिथे निळी. दोन्ही रंग एकाच गावात पडले तर पुढचं वाचायची गरज नाही. मुंबईकर आणि पुणेकर इथेच थांबतात, आणि त्यांचंही चुकत नाही. राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीचे कातळ आहेत, मुंब्र्याचा डोंगर लोकलच्या दारातून दिसतो, ‘गिरिविहार’सारखी जुनी संस्था आहे. नवी मुंबईत तर २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगचा विश्वचषक झाला. पुण्यात गिर्यारोहकांच्या संस्था आहेत, सरावाच्या कृत्रिम भिंती आहेत, आणि तुमचं तंत्र कसं चुकलं हे न विचारता सांगणारे लोक आहेत.

तरी नवशिक्याचं मन भरत नाही. त्याला खिडकीतून सुळका दिसायला हवा असतो. अशा माणसाने मुंबई-गोवा महामार्गाने महाडला यावं. या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्यावरून प्रवास करताना सहनशक्ती आपोआप वाढते.

महाड-पोलादपूरच्या बाजूने बोलायचं तर वंशावळ जबरदस्त आहे. रात्री कडा उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेली हिरकणी रायगडाचीच. तिच्या नावाच्या हिरकणीवाडीतून आता रोपवे सुटतो आणि पर्यटक काही मिनिटांत बसल्या बसल्या गडावर पोचतात. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. १६७० साली दोर टाकून, रात्रीच्या अंधारात, तेही वर शत्रू असताना कोंढाण्याचा कडा चढणारा माणूस. घोरपडीची गोष्ट खरी की खोटी यावर इतिहासकारांनी भांडावं. आपण दोराकडे लक्ष द्यावं. या दोघांची नावं घेतल्यावर तुमच्या इन्स्टाग्रामवरच्या फोटोंचं इथे कुणाला कौतुक वाटेल, ही अपेक्षा सोडावी.

आता लिंगाणा. उंची २९६९ फूट, महाराष्ट्रातल्या प्रत्येक आरोहकाच्या यादीत वरच्या ओळीत. तो महाड तालुक्याच्या अंगणात उभा आहे, म्हणून महाडकराला तो सोपा, असं नवशिक्या समजतो. प्रत्यक्षात पुणेकर वेल्ह्यावरून घाटमाथ्यावरच्या मोहरीपर्यंत गाडीने येतो, तिथे पिठलं-भाकरी खाऊन झोपतो आणि पहाटे बोराट्याच्या नाळेने उतरून सुळक्याच्या खिंडीत हजर होतो. महाडकर मात्र पाने गावाकडून, जवळजवळ समुद्रसपाटीपासून, छातीवरचा चढ चढत त्याच खिंडीत येतो. तोवर पुणेकराचा दोर लागलेला असतो आणि रांगही. जवळ राहणं आणि जवळ असणं यातला हा फरक घरभाडं ठरवण्याआधी समजून घ्यावा.

दुसरं, इथला खडक. सह्याद्रीचा बेसाल्ट थरांचा आहे: एक ताठ कातळटप्पा, त्यावर गवत आणि घसारा, मग पुन्हा टप्पा. शहरातल्या भिंतीवर रंगीत होल्ड पकडायला शिकवतात. हातात आलेला होल्ड हातातच राहिला तर काय करावं, हे मात्र तिथे कुणी शिकवत नाही. कपारीत आग्या माश्यांचं पोळं असेल तर शक्ती, तंत्र आणि परफ्यूम तिन्ही निरुपयोगी. परफ्यूम तर घातकच.

सामान मुंबई-पुण्याहूनच आणावं. बाजारपेठेत दोर मागितलात तर दुकानदार विचारील, “म्हशीला की विहिरीला?” खरं उत्तर दिलंत तर तो तुम्हाला कोकणी नम्रतेने सर्वांत जाड दोर दाखवील. घरमालकाला चौकटीवर लोंबकळण्याची सवय आधी सांगू नये. त्याच्या आईला मुळीच सांगू नये, “लोंबकळायला माझ्या परसातले माड काय कमी आहेत काय रे?” असं ती विचारणारच, आणि वर नारळ पाडून मागेल.

पण खरी अडचण ‘बिले’ देणाऱ्याची, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याची. सुळके शेकड्याने आहेत. खाली उभं राहून, मोबाइलकडे न बघता, तुमचा दोर धरणारा माणूस दुर्मीळ. महाड-पोलादपूरची बरीच तरुण मुलं नोकरीसाठी मुंबईला असतात. म्हणजे तुम्ही कड्यासाठी इकडे आलात, आणि तुमचा दोर धरू शकणारा पोरगा विरारच्या खोलीत.

जी मंडळी इथे आहेत त्यांच्याशी ओळख करून घ्यावी, पण एक जाणून. इथे दोर वापरता येणं हा छंद राहत नाही. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावर आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. एकच जण वाचून वर आला. पावसात, धुक्यात, निसरड्या उतारावर दोर लावून खाली उतरायला परिसरातले ट्रेकर धावून गेले. त्या कामाला ग्रेड नसतो आणि त्याचे फोटो कुणी लावत नाही. इथे राहायचं तर असा फोन कधीतरी तुम्हालाही येईल. त्याला ‘येतो’ म्हणायची तयारी नसेल तर निळ्या टाचणीवरच राहावं, त्यात काही कमीपणा नाही.

हे सगळं पटूनही यायचं असेल, तर आधी बिले देणारा शोधावा आणि तो राहतो त्या गावात खोली घ्यावी. पोलादपुरात मिळाला तर पोलादपूर. चंद्रगडाचं ढवळे गाव आणि प्रतापगड तिथून सोयीचे. महाडात मिळाला तर दुसरा मजला. २०२१च्या जुलैत सावित्रीचं पाणी शहरात कुठवर चढलं होतं, हे शेजाऱ्याला भिंतीवर बोट ठेवून दाखवायला सांगावं आणि दोर, हार्नेस, गादी त्या बोटाच्या वर ठेवावी.

आणि घर बघायला जुलैतच यावं. नोव्हेंबरात आलात तर लिंगाणा स्वच्छ दिसेल आणि बाकी काहीच दिसणार नाही.