ग्रंथांच्या दीर्घायुष्याविषयी

वाचून संपल्यावरही एखादा ग्रंथ वाचकाच्या मनात का उरतो, याचे कारण समीक्षक शैलीत शोधतात. महानुभाव पंथाच्या इतिहासात मात्र ते धास्तीत सापडते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे नागदेवाचार्यांकडून ऐकून ‘लीळाचरित्र’, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा संग्रह, सिद्ध केले. परंपरा सांगते की खल्जीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली, तेव्हा शिष्यांनी पाठ असलेल्या लीळा पुन्हा लिहून काढल्या, आणि पाठभेदांच्या रूपाने विद्वानांच्या कित्येक पिढ्यांची सोय झाली. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे अक्षरांची अदलाबदल केलेल्या सांकेतिक लिपीत, उतरवले, त्यामुळे परका वाचक ते विसरण्याच्या धोक्यापासूनही शतकानुशतके सुरक्षित राहिला. आता वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावीही छापील प्रत टपालाने मागवता येते, ती हरवण्याची भीती नाही आणि म्हणून पाठ करण्याची निकडही नाही. वाचक मुखपृष्ठाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर धाडतो व (पहिले पान उलटायचे राहिले, ही बाब किरकोळ) पुढील ग्रंथोत्सवाच्या तयारीला लागतो. ग्रंथालयातून नेलेला आणि परत न केलेला ग्रंथ तेवढा वाचकापाशी खरोखर चिरकाल टिकतो, आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमालाही त्यावर उतारा सापडलेला नाही.