गाजराचं कोण लागतं?

"काका, ते गाजरगवत काढून टाका. लोकांना दमा होतो."

सोसायटीच्या सेक्रेटरींनी कठड्यावरून फर्मान काढलं, तेव्हा मी हातात झारी घेऊन त्याच 'गाजरगवता'कडे कौतुकानं बघत उभा होतो.

तसा त्यांचा दोष नाही. चिरलेली पानं, पांढरी बारीक फुलं. पण ही होती अम्मी मेजस, परदेशातल्या फुलवाल्यांची लाडकी. एका छत्रीत अनेक छोट्या छत्र्या, त्या प्रत्येकीत मोहरीएवढी फुलं. लांबून बघाल तर क्रोशाचा रुमाल काठीवर वाळत घातलाय. हिच्यापायी मागचा एक हिवाळा फुकट गेला होता. तेव्हा मी ट्रेमध्ये रोपं केली, मग वाफ्यात नेऊन लावली आणि सगळ्यांनी माना टाकल्या. सोटमूळ असतं ना! गाजर उपटून कुणी परत लावतं का? यंदा ऑक्टोबरअखेर बी थेट वाफ्यातच फेकलं. महिन्याभरात मावशींनी "कोथिंबीर फार दाट झालीय" म्हणत निम्मी उपटली. बरंच झालं. विरळणीला माझा हात धजत नव्हता.

सेक्रेटरींना मी समजावलं. गाजरगवत गाजराचं कुणीच लागत नाही, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. 1955च्या सुमारास आपल्या पुण्यातच ते लोकांच्या डोळ्यांवर आलं. अमेरिकेच्या गव्हातून आलं म्हणतात. आमची अम्मी मात्र गाजर, कोथिंबीर, शेपू, ओवा यांच्या खानदानातली.

"म्हणजे खरं गाजरगवत हेच ना?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

छत्रीतली बहुतेक फुलं उमलल्यावरच दांडा कापायचा, नाहीतर फुलदाणीत मान टाकतो, हे मी वाचलं होतं. हिचा चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजतं, हेही वाचलं होतं. पण ते पुढच्या पानावर होतं. भर दुपारी उघड्या हातांनी डझनभर दांडे कापले. दोन दिवसांनी मनगटावर फोड, मग काळा पट्टा. इजिप्तमध्ये याच गुणामुळे हिचं बी कोडावर वापरत, आणि त्यातलं द्रव्य पुढे त्वचारोगाच्या औषधातही आलं. मी मात्र काही झालेलं नसताना उपचार करून घेतला.

"तरी सांगत होतो," सेक्रेटरी म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांच्या सौभाग्यवती दारात. "काका, उद्या आमच्याकडे हळदीकुंकू आहे. तुमच्या त्या गाजरगवताचे दहा-बारा दांडे द्याल? गुलछडीबरोबर छान दिसतील."

दिले. ऊन उतरल्यावर, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि रबरी हातमोजे चढवून कापले, खालची पानं काढली, तासभर बादलीत पाण्यात ठेवले आणि मग पोचवले. फुलं त्यांच्याकडे आठवडाभर टिकली. मनगटावरचा पट्टा अजून आहे.